नाल्याचा रंग

सोलापुरात, अक्कलकोट रोडला,
डाय हाऊसच्या मागचा नाला
सकाळी सहाला खरं बोलतो.
सिद्राम येमूल सायकल टेकवून बघतो:
मंगळवारी मोरपंखी, आज जांभळट.
म्हणजे कुरापाटी दिवाळीला जांभळा टॉवेल काढणार.

बाकीचं चिंधीवाला सांगतो,
चहाच्या एका कटिंगवर.
रात्री भिंतीला कान:
बारा मागांपैकी नऊचाच खडखडाट.
सगळं वहीत. मालक खूश.

गुरुवारी नाल्यात नुसतं पाणी.
शुक्रवारीही.

कुरापाटीकडं रंग कालवणारा साडू
दोन दिवस घरीच आहे,
बायकोच्या विड्यांची बंडलं बांधत.

सिद्रामनं वहीत लिहिलं: पांढरा.

मालक रात्री उशिरापर्यंत जागे.
"पांढरा? दिवाळीला? त्याला काय कळलंय
जे आपल्याला नाही?"