रविवार कारंजा, रात्री साडेआठ

फ्लॅश बंद ठेव, मणियारकाका म्हणाले होते,
रात्रीला रात्रच राहू दे.
म्हणून कॅमेरा टेकवलाय
गंजक्या डीपीच्या डोक्यावर,
खाली पाकीट, लेन्स जरा वर यावी म्हणून.

चार सेकंद.
रिक्षा गेल्या, त्यांचे फक्त लाल दोरे उरले.
मेन रोडकडून आलेली अख्खी गर्दी
धुरासारखी पुसली गेली,
भांड्यांच्या दुकानातली पातेली मात्र
एकेक मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ.

कोपऱ्यावर सुगंधाबाई कणसं भाजते.
तिला दाखवला फोटो.
चेहरा आलाय, निखारे आलेत, लिंबाची फोडसुद्धा.
"आणि हात?"
पंखा हलवणारा हात कुठेच नव्हता.
"दिवसभर राबतो तोच गेला का रे भाऊ?"

मग वेळ कमी केला. सेकंदाचा साठावा भाग.
आयएसओ चढवला, वाळूसारखे दाणे आले,
आणि हात आला, पंख्यासकट, काजळलेला, बोटं मिटलेली.
मागचा कारंजा अंधारात बुडाला.

दोन्ही एकात कसं आणायचं
हे काकांना विचारायचं राहिलंय.

तिनं मीठ चोळलं, कणीस पुढं केलं.
"गार होतंय. आधी खा."