अठ्ठावीसचं माप

खोक्यात दोनच नमुने होते.
एक पांढरा शर्ट, कडक कॉलर,
खिशावर अंगठ्याएवढा त्रिशूळ.
दुसरं हिरवट-मातकट जाकीट, कोपरांवर दुहेरी कापड,
बाहीवर तोच त्रिशूळ,
फक्त पंजाएवढा.

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडमध्ये
शाळांचे गणवेश निघतात, नर्सबायांचे, वॉचमनचे.
मी कटिंग मास्टर, यादगिरी बोद्दूल.
माप सांगा, माणूस सांगतो.

एजंट म्हणाला, युक्रेनची पार्टी आहे, मास्टर.
व्यापारी पार्टी?
नाही हो, राजकारणातली. देशासाठी भांडणारी.
पांढरा घालून मतं मागतात,
हिरवा घालून रानात कवायत करतात.
माणसं तीच का, मी विचारलं.
तो म्हणाला, बिल एकाच नावानं करा.

काजं करणारी नरसव्वा चष्मा पुसून बघत बसली.
"एंदि इदि? सिद्धरामाचा का?"
लेबलावरची अक्षरं कुणालाच लागेनात,
एक एन उलटा, एक आर आरशातला.
भरतकामाच्या मशीनवरचा इरण्णा म्हणाला,
वाचून काय करायचंय बे, टाके मोज.

मापांची यादी मी शेवटी उघडली.
बेचाळीस, चव्वेचाळीस, शेहेचाळीस,
थंड मुलखातली रुंद माणसं.
आणि अगदी खाली, वेगळ्या शाईत:
अठ्ठावीस. हिरवा. नग एकशेवीस.

अठ्ठावीस छातीचं पोर मला पाठ आहे.
सहावी, फार तर सातवी.
जूनमध्ये आई त्याला पुढे ढकलून म्हणते,
मास्टर, बाहीत माया ठेवा,
दिवाळीपर्यंत हात वाढतो याचा.

एजंटला फोन लावला.
उन्हाळी शिबिर असतं म्हणे मुलांचं,
तंबू, गाणी, दोरीवरून ओढा ओलांडणं.
मग कोपरांना दुहेरी कापड कशाला?
रांगत असतील की मास्टर,
पोरं रांगतातच.

माझा आजा टोपीपायी मार खाल्लेला माणूस.
तीस सालच्या मार्शल लॉमध्ये
गोऱ्या सोजिरानं त्याच्या डोक्यावरची पांढरी टोपी
कन्ना चौकात बंदुकीच्या दस्त्यानं उडवली.
म्हातारा सांगायचा, कापड वीतभर,
पण पडलं तेव्हा मी अख्खा नागडा झालो.
म्हणून त्या लोकांना मी हसू शकत नाही.
ज्यांची अक्षरं कुणी पुसायला बघतं
ते खिशावर काहीतरी शिवणारच.
पण आज्यानं ती टोपी
माझ्या बापाच्या डोक्यावर कधी ठेवली नाही.
पेटीत ठेवली. म्हणाला,
मोठा हो. मग पटली तर घे.

दुसऱ्या वर्षी पांढरे निम्मे, हिरवे दुप्पट.
तिसऱ्या वर्षी पांढरे नकोच.
मतं मिळाली नाहीत,
की मतांचं कामच उरलं नाही,
एजंटला सांगता येईना.
मग त्याचा फोनच लागेना.
पांढऱ्याचे उरलेले तागे
आम्ही नर्सबायांना लावले.

लढाई टीव्हीवर आली तेव्हा
शेडमधले सगळे रणगाडे बघत होते.
मी खांद्याची शिवण बघत होतो.
आमची नव्हती. कुणाची होती कळलं नाही.
रात्री हिशेब घातला:
तेव्हाचे अठ्ठावीस
आता चाळीस झाले असतील.
झाले असले तर.

एक गोष्ट मालकाला माहीत नाही.
तसं कापड जास्त गेलं एवढं त्याला कळलं,
त्यानं माझ्या पगारातून नऊशे रुपये कापले.
त्या एकशेवीस जाकिटांच्या बाह्यांत
मी दीड दीड इंच माया सोडली होती.
नमुन्यात नव्हती. ऑर्डरमध्ये नव्हती.
नरसव्वा म्हणाली, कशाला रे,
तिकडं कोण उसवत बसणार?
मी खडू कानामागं लावला, म्हटलं,
हात वाढतो.