सरस

गोरव्याच्या पुढे, औषधांच्या कारखान्यामागे
भाचीची प्रयोगशाळा.
ऊर्मीनं पायांत निळ्या पिशव्या चढवायला लावल्या,
डोक्याला जाळी, तोंडाला फडकं,
आणि म्हणाली, मामा, कशालाही हात लावायचा नाही.
चाळीस वर्षं दांडिया बझारात खिळे जुळवले मी.
हात न लावता छपाई कशी बघतात
ठाऊक नव्हतं.

काचेच्या पेटीत एक सुई
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
खाली बशी, बशीत काहीच दिसेना.
चष्मा पुसला तेव्हा कुठे दिसली
आडव्या-उभ्या ओळींची ओली जाळी.
शाई कसली?
समुद्रातल्या शेवाळाचा चीक, जिलेटिन,
आणि त्यात पेशी, जिवंत.
जिलेटिन म्हणजे?
हाडं, कातडी, उकळून.
अगं, म्हणजे सरसच की!
आमचे रूळ सरस न् काकवीचे असायचे.
बडोद्याच्या मे महिन्यात ते पाझरायला लागायचे,
उस्मानगनी रात्री त्यांना ओल्या गोणपाटात निजवायचा
तान्ह्या पोरासारखं,
तरी सकाळी मुंग्या.
ऊर्मी हसली.
इथे मुंगी निघाली तर माझी नोकरी जाईल.

मग कॅल्शियमचं पाणी सोडलं, थेंब थेंब.
जाळीनं अंग धरलं,
पाचर ठोकल्यावर फॉर्मा आवळतो तसं.
आता सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात, काही दिवस.
पुढे वरची बाजू हवेला उघडी करायची.
हवा लागली की वरचा थर मरतो, टणक होतो.
तेवढं मरणं जमलं, की तिला
कातडी म्हणायचं.

घाम येईल?
नाही.
लव?
नाही.
शहारा?
ती जरा थांबली. त्यात नसा नाहीत अजून.
रंग?
तोही घातलेला नाही.

पेशी कुणाच्या?
तिनं एका नळीवरचा नंबर दाखवला. नाव नसतं.
एवढंच माहीत, की सुंता झालेलं एक पोर,
थोड्या दिवसांचं. फेकून द्यायचा तुकडा
आईबापांनी सही करून दिला.
एवढ्याशा तुकड्यातून?
हिशेबानं, मामा, आपलं पोलो ग्राउंड झाकेल.

तेव्हा जे आठवलं ते तिला सांगितलं नाही.
मांडवीपलीकडे दहा दिवस कर्फ्यू होता त्या वर्षी
उस्मानगनी छापखान्यातच राहिला,
कागदाच्या रिमांवर झोपायचा.
जुने खिळे वितळवताना माझ्या मनगटावर
शिसं सांडलं, ते त्याच आठवड्यात.
दवाखाना बंद. कुंडीतली कोरफड त्यानं चिरली,
गर थापला, आणि दर दोन तासांनी दटावलं,
फोल्लो फोडतो नहीं,
अंदर नवी चामडी थाय छे.
ती जागा अजून गुळगुळीत आहे.
घाम येत नाही तिथे. लवही नाही.

बाही खाली ओढून मी विचारलं,
हे लावणार कुणाला?
अजून कुणालाच नाही.
सध्या यावर मलमं तपासतो, कुठलं चुरचुरतं ते.
नसा नाहीत म्हणालीस ना? चुरचुरलेलं कळतं कसं?
पेशी मरतात. आम्ही मोजतो.

निघताना सवयीनं पुन्हा वाकलो.
डावीकडे, खालून तिसरी ओळ, म्हटलं,
मध्ये सुटली आहे.
तिनं पाहिलं. दुर्बिणीखाली घालून पाहिलं.
मग झाकणावर पेननं फुली मारली.
असू दे गं, म्हटलं, एवढंसं तर आहे.
नाही मामा, बरं झालं. परत छापू,
वीस मिनिटांचं काम.

फुली मारलेली प्रूफं आम्ही
कोपऱ्यावरच्या खारीसिंगवाल्याला द्यायचो.
ही कुठे जातात
विचारलं नाही.