छप्पर

आठवड्याला सहा तासांची कारकून मी,
टी ग्वेनॉलच्या ग्रामपरिषदेची.
आजवर गावाचा पत्रव्यवहार चालायचा
इद्वालच्या घरच्या ईमेलवर.
इद्वाल गेला,
पासवर्ड बरोबर घेऊन.

आता सरकारी डोमेन हवं.
अर्ज विचारतो: आपली संस्था सार्वजनिक आहे काय?
बसथांबा, दोन बाकं, दफनभूमीतलं गवत.
अजून किती सार्वजनिक व्हायचं?

अध्यक्षांची सही लागते.
एम्रिस गोठ्यात, कोपरापर्यंत मेंढीत.
कोकरू बाहेर आलं, मग सही झाली,
शेजारी आयोडीनचा पिवळा अंगठा.
स्कॅनमध्ये तोच जास्त ठळक.

बाराव्या दिवशी उत्तर: मंजूर.
फक्त नावातल्या 'वाय'वरची खूण
पत्त्यात चालणार नाही.

त्या खुणेला आम्ही वेल्शमध्ये
छोटं छप्पर म्हणतो.
आणि टी म्हणजे घर,
ग्वेनॉल म्हणजे पाकोळी.

पाकोळीचं घर, वरून उघडं.
लंडनला काय कळवणार?
थोडा वेळ कर्सर लुकलुकू दिला,
मग 'मान्य' दाबलं.

नव्या पत्त्यावर पहिला मेल
दुपारीच आला,
मिसेस प्रोथेरोंचा:
बसथांबा गळतोय.