मागच्याचं पीठ

डबा उघडायच्या आधीच मला कळतं
कोणाच्या घरी काय शिजतं.
रेशनचा गहू पोत्याच्या वासासकट येतो.
यंदाची ज्वारी मात्र
फडक्याखालूनच बोलते,
ओल्या भिंतीसारखं, कुबट.

दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस झड लागली,
कणसं उभ्या-उभ्या काळी पडली.
त्यातली बरी निवडून कारंज्याच्या बाजारात गेली.
व्यापाऱ्यानं ओंजळीत घेऊन हुंगली.
उरली ती घरी आली.
घरी कोण हुंगतं?

पर्बता कुमरे म्हणते,
"तीन पान्यानं धुतली भाऊ, वाळवली.
दळ बारीक. तव्यावर सारं मरते."
मरते, पर्बताबाई. बुरशी मरते.
ती मागं जे ठेवून जाते, ते मरत नाही.

हे अकोल्याहून आलेल्या पोरीनं सांगितलं.
पायात पांढरे बूट,
जाताना पिठानं आणखी पांढरे.
प्रत्येक डब्यातून तिनं मूठ-मूठ घेतली,
पिशवीवर नाव नाही, नंबर.
विषाचं नाव सांगितलं : अफलाटॉक्सिन.
"अफलातून?" कवडू चांदेकर म्हणाला
आणि सगळी रांग हसली. मीही.
ती म्हणाली, क्विंटलभर पोत्यात
मोहरीच्या एका दाण्याएवढं पुरे.
एका दिवसात काही होत नाही काका.
पण भाकर काय एकाच दिवशी खाता?

अगदीच काळी होती ती
गोकर्णाबाईनं गाईला घातली.
माणसानं खाऊ नये एवढं तिला कळतंच.
गाईचं दूध सकाळी
तिच्याच नातवाच्या वाटीत.
अंगणवाडीच्या काट्यावर तो पोरगा
दोन महिने एकाच आकड्यावर बसलाय.
यामुळेच, असं मी म्हणत नाही.
ती पोरगीही म्हणाली नाही.

दोघांना मी परत पाठवलं.
ते नदीपलीकडच्या चक्कीवर गेले, दळून आणलं,
वर मला शिव्या.

आता एवढंच करतो,
काळी दळली की पट्टा थांबवतो,
तोंड उघडून ब्रशनं झाडतो.
पण तुम्ही चक्की आतून पाहिली नसेल.
कितीही झाडा,
दगडाच्या खाचांत मागच्याचं मूठभर राहतंच.
ते पुढच्याच्या डब्यात पडतं,
त्याचं त्याच्या पुढच्याच्या.
माझ्या बापाच्या काळापासून
गाव असं एकमेकांचं खातंय,
एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारेसुद्धा.

रिपोर्ट अजून आला नाही.
संध्याकाळी डोक्याचं फडकं झटकतो.
भुवया, मिशी, कानाच्या पाळ्या,
सगळ्या गावाचं पीठ अंगावर.
तोंड धुवायच्या आधी
सवयीनं जीभ ओठावरून फिरतेच.

गोड लागतं.
ज्वारी गोडच लागते.