दोरी

पुंता आरेनासमध्ये वारा सुटला की
चौकाचौकात दोऱ्या बांधतात,
माणसांना धरून चालायला.

अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या ऑपरेशननंतर,
नेलिदा ओयार्सोने पहिल्यांदा ती धरली.
वाऱ्याने ढकललं म्हणून भर रस्त्यात हसली,
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत दिवसभर
येईल त्याला सांगत राहिली.

आता वारा तिला पुन्हा ओळखत नाही.

डॉक्टरने बिलाच्या पाठीवर पोट काढलं.
तेव्हा केळ्याएवढं ठेवलेलं, ते सैलावलंय.
आता वरचा अंड्याएवढा कप्पा वेगळा करून
थेट खालच्या आतड्याला जोडायचा.
सांतियागोला. साडेतीन तासांचं विमान.
"चूक तुमची नाही," तो म्हणाला,
आणि घड्याळाकडे बघितलं.

बहीण म्हणते, एकदा गेले ना पैसे पाण्यात?
नेलिदा गप्प.
तिला सगळं पोटात घालायची सवय,
केळ्याएवढं होतं तेव्हासुद्धा:
आईचं अंथरूण, एव्हारिस्तोचं निघून जाणं,
रात्री दोनला फ्रिजच्या उजेडात
उभ्याउभ्या खाल्लेला
बटाट्याचा गार मिल्काओ.
हे कुठल्या कप्प्यात बसणार
ते चित्रात नव्हतं.

आज संध्याकाळी चौकात
एक म्हातारा दोरीला लोंबकळलेला, टोपी उडालेली.
ती वाऱ्याच्या बाजूने उभी राहिली,
दोरी न धरता.
तिच्या आडोशाने तो पलीकडे गेला.
"ग्रासियास, सेन्योरा."

ती लगेच घरी गेली नाही.
एक हात खिशात, चार घड्यांच्या कागदावर.
दुसऱ्याचं नुसतं एक बोट
थरथरत्या दोरीवर.