मंगळवारचं क्रियापद

ग्रिम्सबीच्या गोदीपाशी, खलाशांच्या जुन्या सभागृहात
वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरतो.
हीटर एकच, तोही भिंतीकडे तोंड करून बसलेला.
फळ्यावर मी लिहिलं : सीझ.
खाली एक रेघ मारली, नेहमीसारखी.
अर्थ सापडेपर्यंत ती रिकामी ठेवायची.

"मागून घेणं नव्हे," मी म्हटलं, "ओढून घेणं."

व्हिओरेल लगेच उठला. बोटांच्या पेरांत कायमचं ग्रीस.
डोव्हरला कस्टमवाल्यांनी त्याच्या सिगारेटची
बारा खोकी सीझ केली.
पावती दिली का, कुणीतरी विचारलं.
"दिली ना. चोर पावती देत नाही,
एवढाच काय तो फरक."
मग दुसरं वाक्य त्यानं आपणहून दिलं :
त्याच वर्षी, लिंकनच्या अलीकडे, व्हॅनचं इंजिन सीझ झालं.
तेल संपलेलं. पिस्टननं सिलिंडरला मिठी मारली
ती सोडलीच नाही.
"इथे कुणी कुणाचं काय घेतलं, बाई?"
मी खडू बदलला.

रासा म्हणाली, मासळीच्या कारखान्यात भिंतीवर लिहिलंय,
संधी सीझ करा.
संधी म्हणजे रात्रपाळी.

त्सेहायनेश दाराजवळ बसते, कोट न काढता.
तिनं पर्समधून एक पत्र काढलं,
घड्यांवर विरत चाललेलं.
हॉस्पिटलचं. मुलाचं नाव, जन्मतारीख,
आणि तिसऱ्या ओळीत तोच शब्द,
शेपूट लावून नाम झालेला.
"हा शब्द मला येत होता," ती म्हणाली.
"आमच्याकडे शिपाई ट्रक घेऊन यायचे,
रस्त्यावरची पोरं उचलायचे. माझा भाऊ तसाच गेला.
इथले लोक निदान तारीख कळवतात, असं वाटलं.
तीन आठवडे मी दार उघडलं नाही.
नर्स बेल वाजवायची,
मी नाहोमच्या तोंडावर हात ठेवून पलंगाखाली."

कुणी हसलं नाही.
व्हिओरेलला आपले हात कुठे ठेवावेत कळेना.

चौथ्या आठवड्यात नर्स दुभाष्याला घेऊन आली
तेव्हा कळलं, न्यायला कुणीच येणार नव्हतं.
फीट येते. ती पोराला धरते, हलवते, सोडून देते.
"मग मी काय धरू?" तिनं विचारलं होतं.
काही नाही. हात दाबायचे नाहीत,
दातांत चमचा घालायचा नाही.
खुर्च्या सरकवायच्या, डोक्याखाली काही मऊ,
आणि वेळ मोजायची.
"आई मी," ती म्हणाली,
"आणि मला काम दिलं घड्याळाचं."

नऊ वाजता अ‍ॅम्ब्रोज केटल किल्ल्या घेऊन वर आला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर, आता आमचे दिवे बंद करतो.
फळा वाचून मान हलवली.
"बोटीवर सीझ म्हणजे बांधणं.
दोन दोर शेजारी ठेवायचे, बारीक सुतळीचे फेरे घ्यायचे,
मधून दोन आडवे, मग आवळायचं.
ही गाठ नव्हे. गाठीनं दोर मोडतो.
यानं नुसतं ओझं वाटलं जातं."
कुणाला पटलेलं दिसलं नाही.
त्यानं खिशातून सुतळी काढली
(त्याच्या खिशात ती असतेच)
आणि त्सेहायनेशच्या वहीच्या तारेला
तिची पेन्सिल बांधून दिली.
बोटं जाड, दोन नखं नाहीत, तरी
अर्ध्या मिनिटात झालं.
"वेळ लिहायला," तो म्हणाला. "शोधत बसू नकोस."

घाईत मी फळा पुसायला विसरले.

पुढल्या मंगळवारी तिची वही पाहिली.
पेन्सिल जागेवर. सुतळी थोडी मळलेली.
गुरुवार : एक मिनिट चाळीस.
शुक्रवार : दोन मिनिटं पाच.
पाचचा आकडा थरथरलेला.
शनिवार, रविवार, सोमवार
आणि तिघांपुढे
नुसती रेघ.